खंदक नेमका कुठे होता?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



 स्मृतिव्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर आज मी स्मरणाच्याच एका अंगाबद्दल बोलणार आहे. ते अंग जागेचं. माणूस कधी गेला हे आपण तिथीने जपतो. तो कुठे गेला, हे जपण्याची सवय मात्र आपल्याला कमी. पहिल्या महायुद्धावर गेलेल्या हिंदी शिपायांच्या बाबतीत तर हा ‘कुठे’ घरापर्यंत पोचलाच नाही. आघाडीवरून येणारं प्रत्येक पत्र सेन्सॉरच्या हाताखालून जाई आणि ठिकाणाचं नाव लिहायला मनाई असे. घरच्यांना कळायचं ते एवढंच, की मुलगा फ्रान्सात आहे किंवा बसऱ्याकडे आहे. युद्धानंतर महाराष्ट्रातल्या अनेक गावांत दगडी पाट्या बसल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, असा मजकूर त्यांवर आहे. त्यांत आकडे आहेत, पण माणसांची नावं नाहीत आणि जागाही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ज्या खंदकात तो शिपाई उभा होता, त्या खंदकाची जागा आजच्या नकाशावर दाखवता येते. किती मीटरांची चूक संभवते, तेही सांगता येतं. आणि अशी जागा दाखवणं हे संगमरवरी स्मारकाच्या तोडीचं स्मरण आहे. हे कसं करतात आणि त्यात कुठे घसरायला होतं, हे मी एकाच गावाच्या आधाराने सांगणार आहे. उत्तर फ्रान्समधलं हे छोटं गाव म्हणजे न्यूव्ह शापेल.

खडकीचे सॅपर आणि फ्रान्सची शेतं

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्याची जहाजं मार्से बंदराला लागली. लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन मिळून हिंदी कोअर झाली होती आणि सर जेम्स विलकॉक्स तिचे सेनापती होते. ती आघाडीवर पोचेपर्यंत जर्मन आणि दोस्त फौजांनी एकमेकींना बगल देण्याच्या प्रयत्नात उत्तर समुद्र गाठला होता. मग दोन्ही बाजू जमिनीत शिरल्या. समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत सुमारे ७०० किलोमीटरची खंदकांची रांग उभी राहिली, आणि तिचा एक तुकडा हिंदी कोअरच्या वाट्याला आला.

लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. आज आपण ज्यांना बॉम्बे सॅपर्स म्हणतो त्यांची ही पूर्वपरंपरा. खंदक खणणं, पूल बांधणं, सुरुंग पेरणं हे सॅपरचं काम. पण २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या दोन कंपन्यांना पायदळ म्हणून पुढे जावं लागलं. ४७ वी शीख आणि ९ वी भोपाळ या पलटणींच्या बरोबरीने त्यांनी न्यूव्ह शापेलवर हल्ला केला. उघडी, सपाट शेतं ओलांडून ते गावात शिरले आणि घराघरांतून लढत गावातल्या चौकापर्यंत पोचले. मागून कुमक आली नाही, जर्मनांचा प्रतिहल्ला मोठा होता, आणि जे उरले त्यांना मागे यावं लागलं. सॅपरांचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी त्या दिवशी ठार किंवा जखमी झाले.

पुढच्या मार्चमध्ये, १० ते १३ मार्च १९१५ या दिवसांत, याच गावासाठी मोठी लढाई झाली. १० तारखेला सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, ३५ मिनिटांनी पायदळ उठलं आणि गाव ताब्यात आलं. पण हल्ल्याच्या उजव्या टोकाला ३९ व्या गढवाल रायफल्सची पहिली बटालियन ठरल्या दिशेपेक्षा उजवीकडे वळली. तिच्यापुढे जर्मन खंदकाचा जो भाग आला, त्यावर तोफांचा मारा झालेलाच नव्हता आणि तिथली काटेरी तार शाबूत होती. त्या बटालियनची तिथे भयंकर हानी झाली, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये सुमारे २०० यार्डांचं खिंडार पडून राहिलं. दोनशे यार्ड म्हणजे १८३ मीटर. हा आकडा लक्षात ठेवावा अशी माझी विनंती आहे. नकाशावर खंदक बसवताना शंभर-दोनशे मीटरांची चूक पुष्कळांना किरकोळ वाटते. त्या सकाळी तेवढ्याच अंतराने माणसांचं आयुष्य ठरलं.

नकाशा आधी कच्चा होता

ब्रिटिश फौज फ्रान्समध्ये उतरली तेव्हा तिच्या हाती खंदकांची लढाई लढण्याजोगा नकाशा नव्हता. बेल्जियमचा एकास ४०,००० प्रमाणाचा नकाशा बरा होता. फ्रान्सचा एकास ८०,००० प्रमाणाचा लष्करी नकाशा मात्र एकोणिसाव्या शतकातल्या मोजणीवर उभा होता. अशा नकाशावर पाव मिलिमीटरची चूक म्हणजे जमिनीवर २० मीटर. तो मोठा करून छापला तरी चूक कमी होत नाही, फक्त ठळक दिसते. पायदळाचं यावर कसंबसं भागलं असतं. तोफखान्याचं भागेना, कारण न दिसणाऱ्या लक्ष्यावर गोळा टाकायचा तर तोफ कुठे आहे आणि लक्ष्य कुठे आहे, हे दोन्ही एकाच मोजणीत बसावं लागतं. म्हणून १९१५ पासून ब्रिटिशांनी आपल्या आघाडीमागचा प्रदेश नव्याने मोजायला घेतला. एच. विंटरबॉथम, ई. एम. जॅक यांच्यासारख्या सर्वेक्षक अधिकाऱ्यांनी हे काम उभं केलं. साउदॅम्प्टनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने आणि लष्कराच्या छापखान्यांनी युद्ध संपेपर्यंत तीन कोटींहून अधिक नकाशापत्रकं छापली.

जर्मन खंदकांची मोजणी जमिनीवरून अशक्य होती. ती विमानातून झाली, आणि या कामाचा पहिला मोठा प्रयोग न्यूव्ह शापेलच्या लढाईपूर्वी झाला. रॉयल फ्लाइंग कोअरच्या वैमानिकांनी खराब हवेतही जर्मन रांगांची छायाचित्रं घेतली. त्यांवरून एकास ५,००० प्रमाणाचे नकाशे तयार झाले आणि प्रत्येक कोअरला १,५०० प्रती वाटल्या गेल्या. हिंदी शिपायांची ही लढाई म्हणूनच नकाशाशास्त्राच्या इतिहासातही महत्त्वाची आहे.

जुना पत्ता कसा वाचायचा

आता या नकाशांवर जागा कशी सांगत, ते पाहू. युद्ध-डायऱ्या, तोफखान्याचे हुकूम, दफनाच्या नोंदी या सगळ्यांत जागेचा पत्ता एका ठराविक पद्धतीने येतो. नमुन्यादाखल ‘३६, एस, ५, सी, ४.७’ असा पत्ता घेऊ. ३६ हा एकास ४०,००० पत्रकाचा क्रमांक. न्यूव्ह शापेल याच पत्रकात येतं. पत्रकाचे ए ते एक्स असे २४ मोठे चौकोन असतात, त्यांतला एस. त्याचे १,००० यार्ड बाजूचे क्रमांकित चौकोन, त्यांतला पाचवा. त्याचे ५०० यार्डांचे चार भाग: ए वरचा डावा, बी वरचा उजवा, सी खालचा डावा, डी खालचा उजवा. शेवटी सी या भागाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून पूर्वेला चार दशांश आणि उत्तरेला सात दशांश. एक दशांश म्हणजे ५० यार्ड. अधिक बारकाईने सांगायचं असेल तर शतांश देत, म्हणजे पाच यार्ड.

वाचायला ही पद्धत सोपी आहे. तिचा पाया मात्र ओबडधोबड होता. बेल्जियन पत्रक मीटरमध्ये आखलेलं होतं, ३२ किलोमीटर रुंद आणि २० किलोमीटर उंच. त्यावर ब्रिटिशांनी यार्डांची जाळी टाकली. सहा मोठे चौकोन आडवे, प्रत्येकी ६,००० यार्ड, म्हणजे एकूण ३६,००० यार्ड. हे होतात सुमारे ३२.९ किलोमीटर, म्हणजे जाळी पत्रकाच्या कडेबाहेर सांडते. उभ्या दिशेने चार रांगा. त्यांपैकी वरची आणि खालची फक्त ५,००० यार्ड उंच, म्हणून तिथल्या मोठ्या चौकोनात ३६ ऐवजी ३० च क्रमांक असतात. शेजारच्या दोन पत्रकांच्या जाळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि कडेजवळच्या एकाच बिंदूला दोन पत्ते मिळू शकतात. पत्ता वाचताना पत्रकाचा क्रमांक गाळला, तर सगळा शोध भलत्याच गावात जातो.

फ्रेंचांची रीत आणखी वेगळी. त्यांची रेखावृत्तं ग्रिनिचपासून मोजलेली नव्हती, पॅरिसपासून मोजलेली होती, आणि कोन अंशांत नसून ग्रेडमध्ये होते. वर्तुळाचे ४०० ग्रेड. पॅरिसचं रेखावृत्त ग्रिनिचच्या पूर्वेला २ अंश २० मिनिटं १४ सेकंद आहे. हे विसरून जुना रेखांश तसाच आजच्या नकाशावर घातला, तर न्यूव्ह शापेलच्या अक्षांशावर जागा सुमारे १६५ किलोमीटर सरकते. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते. लहान चूक दिसत नाही आणि म्हणून टिकून राहते. बेल्जियन नकाशा बॉन प्रक्षेपणावर, फ्रेंच तोफखान्याची जाळी लॅम्बर्ट प्रक्षेपणावर, आजचा फ्रेंच नकाशा लॅम्बर्ट-९३ वर, आणि मोबाईलमधला पत्ता जागतिक डब्ल्यूजीएस-८४ वर. एका पद्धतीतून दुसरीत जाताना गणित चुकलं, तर खंदक पन्नास-शंभर मीटर हलतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

आपल्याकडे जमिनीचं काम करणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या खरेदीखतातला सर्व्हे नंबर आज कोणत्या गटात पडतो, हे शोधायला जुना नकाशा, नवा नकाशा आणि बांधावरची ओळखीची खूण, तिन्ही लागतात. खंदकाच्या शोधातही हीच तीन साधनं लागतात.

जुना नकाशा नव्यावर बसवताना

जुन्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत संगणकावर घ्यायची आणि तिच्यावरचे काही बिंदू आजच्या नकाशावरच्या त्याच बिंदूंशी जोडायचे, ही मूळ क्रिया. या बिंदूंना नियंत्रण बिंदू म्हणतात. क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीने हे कुणालाही करता येतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असे अनेक ब्रिटिश खंदक-नकाशे आधीच आजच्या नकाशावर बसवून लोकांसाठी खुले केले आहेत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा संग्रहही मोठा आहे. साधन सहज मिळतं. खरी परीक्षा बिंदू निवडण्यात असते.

चांगला बिंदू म्हणजे जो १९१५ मध्ये होता आणि आजही तिथेच आहे. चर्च हा पहिला मोह. न्यूव्ह शापेलचं गाव तोफांनी पार उद्ध्वस्त झालं आणि युद्धानंतर पुन्हा बांधलं गेलं. पुन्हा बांधलेल्या इमारतीचा कळस जुन्याच जागी आहे, असं परस्पर धरून चालू नये. रस्त्यांचे चौक अधिक भरवशाचे. एस्तेर ते ला बासे या मोठ्या रस्त्यावरचा ला बॉम्ब चौक युद्धाच्या नकाशावर आहे आणि आजही आहे. सैनिकांनी त्या कोपऱ्याला पोर्ट आर्थर नाव दिलं होतं. आज तिथे हिंदी सैनिकांचं स्मारक उभं आहे. ओढे आणि चर यांच्याबाबत सावध राहावं, कारण शेतीसाठी ते सरळ केले गेले असतील. फ्रान्समध्येही दुसऱ्या महायुद्धानंतर शेतजमिनींचं मोठं एकत्रीकरण झालं, त्यात बांध आणि पाणंदी पुसल्या गेल्या. म्हणून बिंदू चार-पाच घेऊन थांबू नये. ते साऱ्या पत्रकावर पसरलेले असावेत, आणि काही बिंदू जोडणीत न वापरता फक्त तपासणीसाठी राखून ठेवावेत. जे बिंदू जोडले ते जुळतातच. न जोडलेला बिंदू किती हुकतो, तीच खरी चूक.

आता चुकीचा हिशोब. एकास १०,००० नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे दहा मीटर. छापलेली लाल रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर ती जमिनीवर पाच मीटरचा पट्टा झाकते, आणि खरा खंदक वरच्या तोंडाशी साधारण दोन मीटरचा. कागद ओलाव्याने पसरतो आणि आकसतो. अर्धा मीटर रुंदीचं पत्रक अर्धा टक्का पसरलं तरी अडीच मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर २५ मीटर. मूळ मोजणीची चूक, छायाचित्रावरून रेघ काढणाऱ्याच्या हाताची चूक आणि आपल्या जोडणीची चूक, या सगळ्यांची त्यात भर. म्हणून आजच्या नकाशावर एकच बारीक रेघ ओढून ‘इथे खंदक होता’ असं म्हणणं प्रामाणिकपणाचं नाही. वीस-तीस मीटरचा पट्टा दाखवावा, आणि तो तेवढाच का आहे हेही लिहावं. हा पट्टा सांगणं म्हणजे अभ्यासकाने वाचकाला दिलेला शब्द आहे.

जुन्या डायऱ्यांतल्या दिशाही तपासून घ्याव्या लागतात. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर एक नसतात. त्या काळी उत्तर फ्रान्समध्ये चुंबकीय उत्तर दहाहून अधिक अंश पश्चिमेला होती, आणि शतकभरात हा कोन पार बदलला. दहा अंशांची चूक एक किलोमीटरवर सुमारे १७५ मीटर होते. वर सांगितलेलं २०० यार्डांचं खिंडार इथे पुन्हा आठवावं.

शेवटची अट तारखेची. खंदक रोज बदलत. ब्रिटिश नकाशांवर खंदक अमुक तारखेपर्यंत दुरुस्त केले आहेत, अशी नोंद छापलेली असते. आधी ती नोंद वाचावी, मग नकाशा. न्यूव्ह शापेलच्या पूर्वेला ब्रिटिशांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये एक खंदक खणला होता. गाव हातचं गेलं, आणि मार्च १९१५ मध्ये तोच जुना खंदक स्मिथ-डोरियन ट्रेंच या नावाने हल्ल्याचं उद्दिष्ट ठरला. एप्रिल १९१८ मध्ये या भागात पोर्तुगीज सैन्य होतं आणि जर्मनांनी तिथे मोठा हल्ला केला. एकाच शेतात तीन-चार काळांचे खंदक एकमेकांवर आहेत. तारीख न पाहता त्यांतली कोणतीही रेघ उचलली, तर १९१८ च्या खंदकात आपण १९१४ चा सॅपर उभा करू.

जमीन काय सांगते

नकाशाचा पडताळा जमिनीने द्यावा लागतो. सॉमच्या चुनखडीत खंदक खणला की पांढरी माती वर येते, आणि त्याचा फिकट पट्टा हवाई छायाचित्रात वर्षानुवर्षं दिसतो. न्यूव्ह शापेलची जमीन चिकणमातीची, सखल, पाणी जवळ. फार खोल खणलं की खंदकात पाणी भरे. म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं खणून वर मातीच्या पोत्यांचे आणि ढिगाऱ्यांचे बंधारे उभारले. म्हणजे इथली खंदकांची रांग बऱ्याच ठिकाणी जमिनीच्या वर होती. युद्ध संपल्यावर परतलेल्या शेतकऱ्यांनी हे बंधारे सपाट केले आणि नांगर घातला. त्यामुळे इथे चालत गेलं तर डोळ्यांना काही दिसत नाही. पण भरलेल्या चराची माती ओल धरून ठेवते. कोरड्या उन्हाळ्यात त्यावरचं पीक आजूबाजूच्यापेक्षा उंच आणि हिरवं राहतं, आणि वरून पाहिलं की बुजलेल्या खंदकाची नागमोड उमटते. हे वळण मुद्दाम ठेवलेलं असे, म्हणजे एका ठिकाणी फुटलेल्या गोळ्याचे तुकडे सरळ रांगभर जात नसत. शेताच्या चराला असं वळण नसतं, म्हणून ओळख पटते.

दुसरं साधन लायडार. विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीची उंची मोजतात, आणि झाडांच्या पानांआडची जमीनही उघडी पडते. व्हर्दनच्या जंगलात यामुळे खंदक आणि गोळ्यांचे खड्डे झाडांखालून उमटून आले. जिथे नांगर चालला, तिथे लायडारला फार थोडं दिसतं. जिथे जंगल राहिलं, तिथे जमिनीने सगळं जपलं. फ्रान्सची राष्ट्रीय भौगोलिक संस्था जुनी हवाई छायाचित्रं आणि आजचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय देते. बेल्जियममध्ये बिर्गर स्टिखेलबाउट यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी युद्धकाळातल्या हवाई छायाचित्रांवरून लढाईची सगळी भूमी पद्धतशीर वाचली आहे. नकाशा, छायाचित्र आणि जमीन, या तिघांची साक्ष जुळली की मगच जागा ठरते.

आपलाच खंदक नकाशात नाही

आता या शोधातली सर्वांत मोठी अडचण. युद्धाच्या बऱ्याच काळात ब्रिटिश नकाशांवर जर्मन खंदक बारीकसारीक तपशिलासह छापलेले असतात, पण ब्रिटिशांचे स्वतःचे खंदक वगळलेले असतात. नकाशा शत्रूच्या हाती पडला तर आपली रांग उघडी होईल, ही भीती. फार तर पुढच्या रांगेची एक बाह्यरेषा असते. तपशिलाच्या आवृत्त्या गुप्त ठेवल्या जात आणि थोड्याच लोकांना मिळत. जर्मनांचे खंदक लाल, आपले निळे, अशी रीत होती. ती १९१८ मध्ये फ्रेंचांशी जुळवण्यासाठी उलटवली गेली. तेव्हा रंगावरून बाजू ठरवतानाही तारीख पाहावी लागते.

म्हणजे हिंदी शिपाई ज्या खंदकात उभे होते, तो त्यांच्याच फौजेच्या छापील नकाशावर सहसा सापडत नाही. तो शोधायला दोन वाटा. एक, पलटणींच्या युद्ध-डायऱ्या. लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या आहेत, आणि अनेकींत हाताने काढलेले आराखडे जोडलेले आहेत. दुसरी वाट समोरच्या बाजूची. जर्मनांनी हिंदी रांगेची छायाचित्रं घेतली आणि नकाशे काढले. प्रशियाच्या सैन्याचे बरेच कागद एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले, पण बव्हेरियाच्या सैन्याचे कागद म्युनिकमध्ये टिकले. बव्हेरियाच्या तुकड्या या भागात लढल्या होत्या. आपल्या माणसाची जागा अनेकदा त्याच्यावर नेम धरणाऱ्याच्या कागदात मिळते.

ऑक्टोबर १९१४ च्या सॅपरांसाठी तर छापील खंदक-नकाशाच नाही, कारण तेव्हा तो जन्मालाच आला नव्हता. तिथे डायरीतलं वर्णन, गावातला चौक, रस्त्यांची दिशा आणि हल्ला जिथून सुरू झाला ती गावाच्या पश्चिमेची रांग, यांवरूनच पट्टा आखावा लागतो. तो रुंद येतो. पण ते गाव, तो चौक आणि ती शेतं निश्चित सांगता येतात, आणि ‘फ्रान्समध्ये कुठेतरी’ यापेक्षा ते कितीतरी अधिक आहे.

हे कशासाठी

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारला, तर उत्तर त्याच भूमीत आहे. न्यूव्ह शापेलहून काही किलोमीटरवर फ्रोमेल गाव आहे. जुलै १९१६ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश तुकड्यांचा हल्ला फसला, आणि शेकडो माणसं बेपत्ता राहिली. लाम्बिस एन्ग्लेझोस या ऑस्ट्रेलियन शिक्षकाने वर्षानुवर्षं आग्रह धरला, की युद्धकाळातल्या हवाई छायाचित्रांत फेझंट वूड नावाच्या झाडीलगत जे खड्डे दिसतात, त्यांत ही माणसं आहेत. २००८ मध्ये चाचणीचं उत्खनन झालं. २००९ मध्ये तिथून २५० देह निघाले. डीएनए चाचणीने अनेकांना नावं परत मिळाली, आणि जुलै २०१० मध्ये त्यांची नवी दफनभूमी समारंभपूर्वक खुली झाली. नकाशा आणि छायाचित्र नीट वाचलं, म्हणून त्या घरांना उत्तर मिळालं. रिशबूर गावाजवळ सापडलेल्या दोन गढवाली शिपायांच्या अवशेषांचं नोव्हेंबर २०१७ मध्ये लावाँतीच्या लष्करी दफनभूमीत सन्मानाने दफन झालं. शंभर वर्षांनंतरही ही जमीन माणसं परत देते आहे.

जिवंतांसाठीही हे काम लागतं. फ्रान्स-बेल्जियमचे शेतकरी आजही नांगरताना न फुटलेले गोळे वर काढतात. जून १९१७ मध्ये मेसीन इथे जर्मन रांगेखाली १९ प्रचंड सुरुंग उडवले गेले. न वापरलेल्यांपैकी एक १७ जून १९५५ रोजी वीज पडून फुटला. बांधकाम असो की रस्ता, जुनी रांग कुठून जाते हे माहीत असणं तिथे सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. म्हणूनच माझी कळकळीची सूचना: नकाशावर जागा सापडली म्हणून फावडं हाती घेऊ नये. उत्खनन परवानगीने आणि तज्ज्ञांनीच करायचं.

बसऱ्याची पाटी आणि आपलं काम

मराठी पलटणींचा मोठा भाग फ्रान्सला गेला नाही, तो मेसोपोटेमियात गेला. सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. कूतच्या वेढ्यात त्या ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अडकल्या आणि शेवटी शरण गेल्या. तिथे खंदकाची जागा शोधणं अधिक कठीण, कारण टायग्रिस आपलं पात्र बदलत असते. नदीच्या वळणाला बांधलेला जुना पत्ता आज आंधळेपणाने वापरता येत नाही.

त्या आघाडीवर जे गेले आणि ज्यांची कबर सापडली नाही, त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे. ४०,००० हून अधिक लोकांचं ते स्मारक. पण त्यावर हिंदी साध्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत. पलटणीखाली फक्त संख्या आहे. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर, हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या आणि ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुल्या झालेल्या त्या वर्तुळाकार वास्तूत, ४,७०० हून अधिक हिंदी नावं दगडात आहेत. बसऱ्याला संख्या आहे आणि आपल्या गावांतल्या पाट्यांवरही संख्याच आहे. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने स्वतःच्याच अहवालात ही विषमता मान्य केली. आणखी एक गोष्ट. बसऱ्याचं स्मारक मूळ जागेवर उरलेलं नाही. १९९७ मध्ये ते तिथून ३२ किलोमीटरवर हलवण्यात आलं. स्मारक उचलून नेता येतं. ज्या जमिनीवर माणूस उभा होता, ती जमीन उचलून नेता येत नाही. म्हणून मी जागेवर एवढा भर देतो.

हे काम आपल्या आवाक्यातलं आहे. गावातल्या पाटीचं छायाचित्र घ्यावं. जुन्या माणसांकडून आणि पेन्शनच्या कागदांवरून नाव आणि पलटण काढावी. पलटण कळली की राष्ट्रकुल आयोगाच्या यादीत मृत्यूची तारीख आणि स्मारक मिळतं. तारीख आणि पलटण मिळाली की युद्ध-डायरीचं त्या दिवसाचं पान उघडता येतं, आणि त्या पानावर जागेचं वर्णन किंवा पत्ता असतो. तो पत्ता आजच्या अक्षांश-रेखांशात आणावा आणि किती मीटरचा पट्टा आहे ते शेजारी लिहावं. महाविद्यालयाच्या भूगोल आणि इतिहास विभागांनी एकत्र बसून एका तालुक्याचं काम घेतलं, तर ते एका शैक्षणिक वर्षात पुरं होऊ शकतं. साधनं मोफत आहेत, नकाशे खुले आहेत आणि डायऱ्या वाचायला मिळतात. आता लागतात ती धीराने काम करणारी माणसं आणि चूक न लपवणारी नजर.

पुण्यातल्या श्रोत्यांना म्हणून मी खडकीपासून सुरुवात करायला सांगेन. २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांतून २८ ऑक्टोबर १९१४ रोजी जे परतले नाहीत, त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या नावापुढे न्यूव्ह शापेलची जागा, अंदाजाच्या पट्ट्यासह, लिहून ठेवू. मग मराठा पलटणींकडे, कूतकडे जाऊ. प्रत्येक गावाच्या पाटीखाली, दगडावर नाही तर शाळेच्या दप्तरात तरी, आकड्यांच्या जागी नावं आणि नावांपुढे जागा आली पाहिजे. हे काम आपल्या पिढीने पुरं करावं, एवढीच माझी मागणी आहे.